माणसांच्या खान्यात

— नाही हो सिस्टर, उठू नका. तुमचं काम चालू राहू दे. गॉजच्या घड्या घालता घालता बोललं तरी चालतं, हात बांधून समोरासमोरच बसायला पाहिजे असा काही नियम नाही. उलट आम्हाला शिकवलंय, माणसाचे हात कामात असले की जीभ मोकळी होते. म्हणजे होते असं म्हणतात — तुमची काही अजून झालेली नाही. नाही, चिडून नाही म्हणत! मघापासून मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारतेय आणि तुम्ही नुसती मान हलवताय, आणि ती मान हो म्हणून हलते की नाही म्हणून तेच मला समजेना, म्हणून आपलं म्हटलं. रेकॉर्डिंगचं मशीन बंदच आहे, बघा. इथे लाल दिवा लागला तर चालू. तुम्ही लाव म्हटल्याशिवाय मी त्याला बोट लावणार नाही, आणि लावलं तरी तुमचं नाव त्यात कुठे येणार नाही. या खोलीतलं या खोलीत. नुसतं ‘एक परिचारिका’ असं लिहितो आम्ही — वय नाही, किती वर्षं नोकरी झाली ते नाही, काही नाही. माझ्या तोंडून एक शब्द बाहेर गेला तर दुसऱ्या दिवशी मी घरी. तशी सहीच करून दिलीय मी. मग? विचारू परत?

ही पद्धत तुमच्या वॉर्डात चालू ठेवण्याच्या आड काय आलं — एवढंच तर विचारायचंय. कमी वजनाचं बाळ, उघड्या अंगानं आईच्या छातीशी, वरून पट्टा, डोक्याला टोपी. यात तुम्हाला मी काय नवीन सांगणार? इथे सुरुवात तुम्हीच केलीत. बाकीच्या हॉस्पिटलांतून लोक कुरकुरत होते, आधीच काम थोडंय का म्हणत होते, तेव्हा तुमच्या वॉर्डात एकूण एक खुर्चीवर आया बाळं बांधून बसलेल्या असायच्या. हा अभ्यास चालवणाऱ्या आमच्या मॅडमकडे फोटो आहे त्याचा. त्यात तुम्ही मागे उभ्या आहात, हसताय. खरं सांगू, आज तुम्हाला बघितलं तेव्हा मी ओळखलंच नाही, मला वाटलं या दुसऱ्या कोणीतरी. आणि मग एकदम बंद! पट्टे कपाटात, कपाटाला कुलूप, खुर्च्या भिंतीकडे तोंड करून. का? तर कोणाला माहीतच नाही. ज्या मुलीला विचारावं ती म्हणते, सिस्टरांना विचारा. आणि सिस्टर गॉजच्या घड्या घालतायत. … हो, ती घडी वाकडी झाली, माझ्यामुळेच झाली, बोलून बोलून डोकं उठवतेय मी तुमचं.

पण मी तरी काय करू, तुम्हीच सांगा. बाहेर काय चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. गरम ठेवायच्या दोन पेट्या, त्यातली एक बिघडलेली. एका दिव्याखाली तीन-तीन बाळं, पाव ठेवावेत तशी एकमेकांना चिकटून. आणि ती खिडकीजवळची मुलगी — मुलगीच म्हणायची, वय काय तिचं — ती काचेवर हात ठेवून उभी आहे. मी आत येताना तिनं मला नर्स समजून विचारलं, ताई, मी त्याला जवळ घेऊ का? फक्त थोडा वेळ? मी काय सांगणार? म्हटलं सिस्टरांना विचारते. … नाही, तुम्हाला टोचावं म्हणून नाही सांगत. खरंच विचारलं तिनं, म्हणून सांगतेय.

आणि आज संध्याकाळी बैठक आहे. ते तरी तुम्हाला सांगितलंय ना कोणी? नाही? — बघा, म्हणजे तेही मीच सांगायचं. मॅडम आत्ता वरच्या मजल्यावर मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बसल्यायत, सगळी हॉस्पिटलं एकेक करून बघणार. जिथे पद्धत चालू राहील असं वाटतं तिथे खुर्च्या, पट्टे, शिकवायला माणूस आणि दोन जादा नर्सा. जिथे वाटत नाही ते नाव यादीतून बाद. बाद म्हणजे बादच, परत वर्षभर कोणी इकडे फिरकणार नाही. तुमच्या वॉर्डापुढची जागा अजून कोरी आहे. ती भरायला मला पाठवलंय. मला! मॅडम म्हणाल्या, त्या सिस्टर माझ्याशी बोलत नाहीत, तुमच्याशी बोलतील, तुमच्याशी बायका बोलतात. आता मी खाली जाऊन काय सांगू — म्हणजे वर जाऊन — की बोलल्या नाहीत? मग ती जागा कोरी राहत नाही हो सिस्टर. तिथे कोणीतरी काहीतरी लिहितंच.

तुम्हाला वाटत असेल, ही कोण, कुठली, शाळेपुरतं शिकलेली बाई, हिला काय कळतं यातलं. बरोबरच आहे. मला पण तसंच वाटलं होतं. मी आपली लसीकरणाला दारोदार फिरणारी. दारं वाजवायची, बाळं मोजायची, बायकांच्या कटकटी ऐकायच्या. मॅडमनी हे काम देऊ केलं तेव्हा त्याचं नुसतं नावच मला म्हणता येईना — इम्प्लिमेंटेशन सायन्स! घरी आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं, तर सूनबाई बाहेरून म्हणते, आई, कोणाला शिव्या देताय? आता येतं म्हणायला. आणि कळलंय पण. औषध चांगलं की वाईट हे त्यात बघायचंच नसतं, ते आधी दुसऱ्या कोणीतरी सिद्ध करून ठेवलेलं असतं. चांगलं आहे हे सगळ्यांना मान्य, तरीसुद्धा ते माणसाच्या हातून होत का नाही — ते बघायचं. मला तर हसूच आलं ऐकून. म्हटलं, अहो मॅडम, हे तर आम्ही बायका जन्मभर बघतोय, याला शास्त्र आहे हे माहीत नव्हतं!

मग मॅडमनी फळ्यावर घर काढलं. घराला पाच खाने. एका खान्यात ती पद्धत स्वतः — सोपी आहे की किचकट आहे. एकात घराबाहेरचं जग — वरून येणारे हुकूम, नातेवाईक काय म्हणतात. एकात आतलं घर, म्हणजे तुमचा वॉर्ड हो — माणसं किती, जागा किती, कोण कोणाचं ऐकतं, कोणाला मध्येच उचलून दुसरीकडे पाठवतात. एकात ती माणसं — त्यांना काय वाटतं, कशाची भीती, कशाची हौस. आणि शेवटच्यात सुरुवात कशी केली, शिकवलं कोणी, मागे कोण उभं राहिलं. याला म्हणायचं फ्रेमवर्क. मग आमच्या हातात चिठ्ठ्या दिल्या, लोकांची वाक्यं लिहिलेल्या, की लावा कोणती कुठे जाते. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या माणसांच्या खान्यात! एकजात! नर्स उशिरा आली — माणूस. आईनं ऐकलं नाही — माणूस. गोळ्या संपल्या — तेसुद्धा म्हटलं, आणायला कोणीतरी विसरलं असेल, माणूस. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, बाई, सगळ्या जगाचा दोष माणसांवरच टाकणार का तुम्ही? मला रडूच फुटायचं बाकी होतं. पण घरी गेल्यावर विचार करत बसले. आपल्याला सवयच असते ना हो तशी? सून उशिरा उठली, सून आळशी. रात्रभर तिचं पोर किरकिरत होतं हे कोण बघतं? तेव्हापासून मी चिठ्ठी हातात घेतली की आधी स्वतःला विचारते, बयो, हे खरंच माणसाचं आहे, की घराचं आहे?

एक गंमत सांगू? सांगतेच. मॅडमनी घरचा अभ्यास दिला होता, घरातल्या कोणाची तरी मुलाखत घेऊन या. मी आमच्या ह्यांची घेतली. ह्यांना कानाचं यंत्र आणलंय मुलानं, चांगलं महागातलं. पहिल्या दिवशी घातलं आणि त्यानंतर जे खणात ठेवलं ते ठेवलं. आम्ही सगळे म्हणायचो, हट्टी म्हातारा, ऐकतच नाही — दोन्ही अर्थांनी! तर मी ती पाच खान्यांची चौकट घेऊन बसले. यंत्र कसं आहे? छान आहे. कोणी शिकवलं? दुकानदारानं शिकवलं. घरातले मागे आहेत का? डोकं खातात. मग आड काय येतं? गप्प. तुमच्यासारखेच गप्प. मी ओरडून ओरडून विचारत होते, अर्धी गल्ली ऐकत असेल. शेवटी म्हणाले, पहिल्या दिवशी घातलं ना, तेव्हा स्वयंपाकघरातून ऐकू आलं — सून तिच्या आईला फोनवर सांगत होती, यांच्याशी ओरडून बोलून बोलून माझा घसा गेलाय, कधी सुटणार यातून देव जाणे. बस्. एकदा. तेवढंच ऐकलं आणि यंत्र खणात. म्हणाले, आणखी काय काय ऐकू येईल ते मला नको. आता हे कोणत्या खान्यात टाकायचं? हट्टी म्हातारा का तो? … हसलात! हसलात की नाही थोडं? हे मी कोणालाच सांगितलेलं नाही हं, सूनबाईला कळलं तर घरात उभा दावा. तुम्ही म्हणून सांगितलं.

पण बघा ना — असंच असतं. बाहेरून दिसतं की बंद पडलं, कंटाळले असतील, हट्टी असतील. आणि आत एकच काहीतरी एकदा घडून गेलेलं असतं. एकदाच. … का, काय झालं? नाही, मी आपलं सर्वसाधारण बोलतेय. कोणाचंही. कुठल्याही वॉर्डाचं.

सिस्टर, हे बघा, मला ‘का केलं नाहीत’ असं विचारायचंच नाहीये. तो प्रश्न आम्हाला बंद आहे. पोलीस असल्यासारखा वाटतो, माणूस आवळून घेतो स्वतःला. आड काय आलं, एवढंच. आणि समजा, नुसतं समजा हं, की त्या वेळी वॉर्डात माणूसच नव्हतं — तर ते आतल्या घराच्या खान्यात जातं. तुमच्यावर येत नाही. एकच गोष्ट या खान्यातून त्या खान्यात गेली की दोष इकडचा तिकडे जातो, एवढा फरक पडतो, आणि तो फरक मी पाडू शकत नाही, तुम्ही पाडू शकता. मी फक्त लिहिणार. आणि तुम्ही नाही बोललात ना, तर दुसऱ्यांनी जे सांगितलंय तेच राहणार. दुसऱ्यांनी म्हणजे — आता मी सांगायला नको, पण तुम्ही अशा बसलाय की माझ्याच्यानं राहवत नाही — एका मोठ्या माणसानं सांगितलंय की तिथल्या सिस्टरच आडमुठ्या आहेत, त्यांची इच्छाच नाही, त्या असेपर्यंत तिथे काही होणार नाही. मी नाव घेतलेलं नाही. मोठा माणूस म्हणजे वयानं पण असू शकतो. … हो. बरं. तुम्हाला कळायचं ते कळलं. मी काही म्हटलेलं नाही.

बघा, आता कसे ओठ आवळलेत तुम्ही. राग आला ना? मग बोला की! मला पण आला होता. मी ती चिठ्ठी हातात घेऊन बसले होते, सगळे म्हणत होते, सरळ आहे, माणसांचा खाना, लावा चिकटवून. ‘कर्मचाऱ्यांची अनिच्छा’ — हा शब्द आहे त्याला. अनिच्छा! मी म्हटलं, थांबा, मी आधी त्यांना भेटते. ज्या बाईनं स्वतः सगळं उभं केलं तिची इच्छा नाही, हे कसं काय? अहो, ज्या बाईनं त्या लेकराची टोपी स्वतःच्या हातानं मागच्या नळावर धुतली, साबण लावून, परत परत, आणि पिळून ॲप्रनच्या खिशात ठेवली, ओलीच्या ओली, तिला इच्छा नव्हती म्हणतात, यांची जीभ तरी कशी —

…

काय झालं? सिस्टर?

नाही. मी — तसंच आपलं. कुठेतरी ऐकलं होतं. दुसऱ्या हॉस्पिटलातली गोष्ट असेल ती, माझ्या डोक्यात एकात एक मिसळतात सगळ्या, वयच झालं आता. टोप्या काय, सगळेच धुतात. … तिथे कोणीच नव्हतं? नसेल. मी कुठे म्हणतेय होतं म्हणून. मागच्या नळाकडे कोण कशाला जाईल दुपारचं, सगळे इकडे गोंधळात — नाही, मला काय माहीत गोंधळ होता की नव्हता. दुपार होती हेही मला — हे बघा, मावशींनी मला काही सांगितलेलं नाही. मावशी माझ्याशी नीट बोलल्यासुद्धा नाहीत, चहा ठेवला आणि गेल्या. मावशींचा काही संबंधच —

अरे देवा.

मी नाव घेतलं. तुम्ही विचारलं पण नव्हतंत आणि मी नाव घेतलं.

सिस्टर, ऐका. खाली बसा. एक मिनिट बसा, पाया पडते तुमच्या. त्या बिचारीचा काही दोष नाही. तिनं चहाडी नाही केली हो, तिनं तुमच्यासाठी सांगितलं! मागच्या खेपेला मी आले तेव्हा पायपुसणी झटकत होती, आणि मी नेहमीचंच विचारलं, इथे आड काय आलं. तर ती जी रडायला लागली. म्हणाली, आमच्या सिस्टरांना कोणी काही विचारलंच नाही. त्या दिवशी वॉर्डात त्या एकट्या होत्या, जोडीची नर्स मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनला उचलून नेली, सिस्टर नको नको म्हणत असताना नेली. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. त्यातल्या एका आईला रक्त जास्त गेलेलं, तिचा बसल्या बसल्या डोळा लागला, आणि बाळाची मान — … हो. तुम्हाला माहीतच आहे. मी कशाला सांगतेय तुम्हाला. म्हणाली, सिस्टर पलीकडच्या बाळाला नळीनं दूध देत होत्या, पाठ होती, वळून बघेपर्यंत झालं होतं सगळं. आणि मोठे डॉक्टर आले ते व्हरांड्यातच ओरडले, नातेवाइकांसमोर, तुमच्या या पट्ट्यांनी मारलं म्हणून. कागदावर मृत्यूचं कारण मात्र नुसतं कमी वजन. आणि जोडीची नर्स कुठे होती, हे कुठेच नाही. आणि मग सगळ्यांना तंबी, बाहेर कोणी शब्द काढला तर दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचं नाही. मावशी तर कंत्राटी, तिला काढायला कागदसुद्धा लागत नाही. घरी सगळं तिच्याच जिवावर, हे मला तिनं सांगायची गरज नव्हती, तिच्या चपला बघितल्या की कळतं.

म्हणून तिनं मला मशीन बंद करायला लावलं. सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, बाई, हे लिहू नका, हे कोणाला बोलू नका, मी आपलं मन मोकळं केलं. मी म्हटलं, या खोलीतलं या खोलीत. याच खोलीत म्हटलं हो मी, याच स्टुलावर बसून! मग मी ते लिहू शकत नाही, कुठल्याच खान्यात टाकू शकत नाही, आणि मला माहीत तर आहे. सांगा, काय करायचं माणसानं? मॅडमनी हे नाही शिकवलं. चिठ्ठ्या लावायला शिकवलं, गप्प बसायला शिकवलं — ते मला जमलं नाही ते सोडा — पण जे माहीत आहे आणि माहीत नाही असं वागायचंय, ते पोटात ठेवून समोरच्या बाईला सरळ प्रश्न कसा विचारायचा, हे कुठल्याच तासाला नाही सांगितलं. मला वाटलं, मी हळूहळू तुम्हाला तिथपर्यंत आणीन. तुम्ही तुमच्या तोंडानं सांगाल, मग ते तुमचं होईल, मावशीचं नाव कुठे येणारच नाही. कोणाचंच वाईट होणार नाही. इतकं चांगलं जुळवलं होतं मी मनात. बसमध्ये येताना वाक्यंसुद्धा ठरवली होती.

तुम्ही रागवा माझ्यावर. मला बोला. … खिशाकडे कशाला हात नेताय? नका, मला काही दाखवू नका. मी बघणार नाही. मला आता काही माहीतच करून घ्यायचं नाहीये.

थांबा — दार नका उघडू. सिस्टर! हाक नका मारू तिला. माझ्यासमोर नका विचारू. ती नाही म्हणेल, आणि मग ती कायमची खोटी पडेल तुमच्यापुढे. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढली तिनं, तिला तुमच्याशिवाय कोण आहे इथे? माझं काय, मी उद्या परत दारोदार फिरेन. पण ती —

… या मावशी.

नाही, काही नाही. काही झालेलं नाही. चहा नको. कप राहू द्या तिथे, मी नेते. अशा बघू नका हो माझ्याकडे. मावशी, मी मुद्दाम नाही — सिस्टर, तुम्ही सांगा ना त्यांना, मी मुद्दाम नाही केलं — मी तुमच्या वॉर्डाचं नाव जाऊ नये म्हणूनच —

काय म्हणालात?

हो, हो. स्टूल आहे ना. मी उठते. बसा मावशी. सिस्टर म्हणतायत बसा, तर बसा की. … त्यांचा हात सोडू नका म्हणजे झालं. नाही, मी आपलं म्हटलं.

मॅडमना खाली पाठवू? आत्ता? बैठकीच्या आधी. आणि मशीन त्यांनाच लावू दे. हो. मी नको. … कळलं. मोठ्या डॉक्टरांच्या समोर निरोप नाही देत, मॅडमना बाहेर बोलावून सांगते. सगळं तुम्ही सांगणार, तुमच्या नावानं, टोपीसकट. नाव लपवायचं नाही असं लिहायला सांगू? तुम्हाला माहीत आहे ना, मग ते तुमच्यावर येऊ शकतं, मोठे डॉक्टर — बरं. बरं, तुम्हाला माहीत आहे. आणि मावशी काही बोललीच नाही. कोणाशीच नाही. माझ्याशी तर नाहीच. हो. असंच सांगते.

आणि मॅडमना मी स्वतःचं सांगायचं? की मी बाहेर फोडलं? … नाही, तुम्ही म्हणता म्हणून नाही, मी आपणहून सांगतेच. सांगायलाच पाहिजे. इथून पुढे तुमच्या एकाही मुलीसमोर मी बसायचं नाही. बरोबर आहे. मी पण बसवलं नसतं मला.

मावशी, एकच सांगते, मला तुमचं —

बरं. नाही बोलत. जाते.